ते वाक्य कुणाचं?

ऋजुता भोगले न्यायाधीश झाली तेव्हा तिच्या मोठ्या जावेनं कौतुकानं विचारलं होतं, "एवढे कागद तू वाचणार कशी गं?" आणि लगेच स्वतःच दुरुस्ती केली होती, "म्हणजे, ऐकणार कशी?"

ऋजुताला या दुरुस्तीची सवय होती. सहाव्या वर्षी मेंदूज्वरात तिची दृष्टी गेली. तेव्हापासून ती जे वाचत आली ते बहुतेक कानांनीच. ब्रेल येत होतं, पण ब्रेलमधली पुस्तकं मोजकी, कायद्याची तर जवळजवळ नाहीतच. तरी ती 'वाचलं' असंच म्हणायची. कुणी हटकलं तर विचारायची, "तुम्ही डोळ्यांनी वाचता, मग 'पुस्तक पाहिलं' म्हणता का?"

अंधशाळेतली पुस्तकं स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून रेकॉर्ड केलेली असत. त्यामुळे प्रत्येक पुस्तकात लेखकाखेरीज आणखी एक माणूस राहायचा. एका काकांना कायमची सर्दी होती, त्यांच्या सगळ्या कथांमधले नायक नाक ओढत बोलायचे. एक बाई इतक्या सोवळ्या होत्या की प्रेमाचा प्रसंग जवळ आला की पानं उलटल्याचा आवाज यायचा आणि नायक-नायिका एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पीत असायची. एका ऐतिहासिक कादंबरीत ऐन लढाईच्या वेळी मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

पुढे वकिलीच्या अभ्यासासाठी संगणकाचा सपाट, निर्विकार आवाज आला. त्याला सर्दी नव्हती आणि लाजही नव्हती. ऋजुता तो इतक्या वेगानं ऐकायची की तिचा नवरा पराग म्हणायचा, "मोहरी तडतडतेय नुसती." तिला मात्र त्या तडतडीतला शब्द न् शब्द कळायचा. जिथं कागदावर पान बारा, परिच्छेद तीन असं तिरक्या रेघेनं लिहिलेलं असे, तिथं तो आवाज 'बारा भागिले तीन' म्हणायचा. शिक्का आला की 'अस्पष्ट', सही आली की 'अस्पष्ट', आणि फोटो आला की गप्प.

कुंभेरी तालुक्याच्या न्यायालयात ती वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश म्हणून रुजू झाली तेव्हा जिल्ह्यातली ती पहिली अंध न्यायाधीश होती. रोज शेकडो पानं. सकाळी कानात घातलेले इअरफोन संध्याकाळी काढले की डोकं गुणगुणत राहायचं. डोळस माणूस वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजू शकतो, दाराची बेल ऐकू शकतो. ऋजुताचं वाचन आणि तिचं जग एकाच दारातून आत येत होतं. एक आत आलं की दुसऱ्याला बाहेर थांबावं लागे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून घरी आलेला पराग काही सांगायला लागला की तिचा हात आपोआप वर जायचा : थांब जरा, एवढं संपू दे.

"तुझा हेवा वाटतो मला," ती एकदा त्याला म्हणाली. "तू वाचतोस तेव्हा तुझ्या आणि पुस्तकाच्या मध्ये कुणी बोलत नसतं."

म्हणूनच मिरजेच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. नाझनीन शिकलगार यांचा फोन आला तेव्हा ऋजुतानं विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही.

त्या यंत्राचं नाव होतं 'स्वगत'. कानांच्या मागून जाणारी एक हलकी पट्टी आणि हनुवटीखाली चिकटवायचा नखाएवढा तुकडा. नाझनीनबाईंनी तिच्या हातात पट्टी देऊन सगळं समजावून सांगितलं.

"आपण मनातल्या मनात बोलतो ना मॅडम, तेव्हाही मेंदूतला बोलण्याचा भाग काम करत असतो. जिभेला, घशाला अगदी पुसट आदेश जातात. ते पकडता येतात. काही आठवडे तुम्ही मनातल्या मनात पाठ कविता म्हणायच्या, ब्रेल वाचायचं. त्यातून हे यंत्र तुमचा आतला आवाज शिकेल. मग उलटं काम. मजकूर आम्ही यंत्राला देणार आणि ते ध्वनिलहरींचे सूक्ष्म स्पंद मेंदूच्या ऐकण्याच्या भागावर सोडणार. कानाला ऐकू येणाऱ्या लहरी नाहीत या. तुम्हाला काही ऐकू येणार नाही. शब्द मनात उमटतील, तुमच्याच आवाजात."

"म्हणजे तुम्ही लोक वाचता तसं?"

"अगदी तसं. एक अडचण होती, ती सोडवायला आम्हाला चार वर्षं लागली. आपण स्वतः बोलतो तेव्हा मेंदू ऐकण्याच्या भागाला आधीच वर्दी देतो, हा आवाज आपलाच आहे, दचकू नकोस. यंत्राकडून शब्द आले की ती वर्दी नसायची, त्यामुळे लोक दचकायचे. डोक्यात कुणी घुसल्यासारखं वाटायचं. आता यंत्र ती वर्दीही देतं. त्यामुळे सगळं सहज वाटतं."

सहज म्हणजे किती सहज, ते ऋजुताला एका रविवारी सकाळी कळलं. ती गॅलरीत बसली होती. खाली भाजीवाला ओरडत होता, पराग आत पोह्यांना फोडणी देत होता, आणि तिच्या मनात, कुठलाही आवाज न होता, एका कादंबरीचं पहिलं पान उलगडत होतं. फोडणीचा वास, भाजीवाल्याची मेथी आणि कादंबरीतली नदी एकाच वेळी. कुणालाही बाहेर थांबावं लागत नव्हतं.

पराग पोहे घेऊन आला तर ती रडत होती.

"काय झालं?"

"काही नाही. वाचतेय."

पुढचे चार-पाच महिने तिनं अधाशासारखं वाचलं. कामाचे कागद अर्ध्या वेळात व्हायला लागले. उरलेल्या वेळात कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, आठवणी, जे मिळेल ते. संध्याकाळी डोकं गुणगुणेनासं झालं. पराग बोलायला लागला की हात वर करावा लागत नव्हता, कारण पट्टी लावलेली असली तरी त्याचं बोलणं नीट ऐकू येत होतं. वकीलमंडळी आपसात म्हणू लागली की भोगले मॅडमचे निकाल हल्ली काय सुंदर भाषेत असतात.

आणि मग एका शनिवारी सकाळी, चहाचे कप विसळता विसळता ती परागला म्हणाली, "तुला या घरात खरंच पाहुण्यासारखं वाटतं का रे?"

"काय?"

"तू म्हणालास ना परवा. कपडे वाळत घालताना. या घरात मी पाहुण्यासारखा राहतो, फक्त मला परतीची तारीख कुणी विचारत नाही."

"मी असं म्हणालो?"

"मी काय मनानं सांगतेय का? मला शब्द न् शब्द आठवतोय."

"ऋजू, मी असं कधीच म्हणालो नाही. मला असं वाटतही नाही."

"मग मला ऐकू कुठून आलं? असं बोलून टाकायचं आणि मग नाही म्हणायचं, हे बरं नाही."

त्यानं कप ठेवला, बाहेर गेला. त्या दिवसापासून घरात एक अवघडलेपणा शिरला. पराग जपून बोलू लागला, जणू प्रत्येक वाक्य आधी तपासून घेतोय. त्या जपण्यानं ऋजुताचा संशय आणखी पक्का झाला. काहीतरी आहे याच्या मनात.

त्याच सुमारास वाघमोड्यांचं प्रकरण निकालाला आलं.

प्रकरण सात वर्षांच्या आर्वीचं होतं. तिचे वडील अपघातात गेले होते. आई कोमल वाघमोडे एका दवाखान्यात परिचारिका होती, पाळ्यांमध्ये काम करणारी. कोमलचे सासरे, आर्वीचे आजोबा संपतराव यांनी नातीचं पालकत्व आपल्याला मिळावं म्हणून अर्ज केला होता. आई रात्रपाळीला जाते, पोर घरात एकटी पडते, घाबरते, हे त्यांचं मुख्य म्हणणं. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. ऋजुता आपल्या चेंबरमध्ये आर्वीशी एकटीशी बोलली होती. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी लेखी युक्तिवाद दिले. ऋजुतानं ते सगळे 'स्वगत'वर वाचले.

निकाल कसा द्यायचा ते तिच्या मनात स्पष्ट होतं. तिला आठवत होतं, ती पोर म्हणाली होती की रात्री जाग येते आणि आई नसते, मग मी पांघरूण डोक्यावरून घेते. हे आठवलं की तिला गलबलून यायचं. आईबद्दल तिच्या मनात राग नव्हता. पण पोरीचं हित आजोबांकडेच आहे असं तिला वाटत होतं, अगदी आतून वाटत होतं.

लघुलेखक देसाईबाईंना ती निकाल सांगायला बसली. मधे एक वाक्य आपसूक आलं : "लहान मुलासाठी रात्र ही घरातली सगळ्यात मोठी खोली असते, आणि त्या खोलीत आई नसेल तर त्या घराला भिंतीच नसतात."

"छान आहे मॅडम," देसाईबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर जरा हळवा झाला होता.

ऋजुतालाही ते वाक्य आवडलं होतं. पुढं आजोबांच्या लेखी युक्तिवादातला एक पानक्रमांक हवा होता. पट्टी सकाळपासून लावून कानामागे रग लागली होती म्हणून तिनं ती काढून ठेवली होती. एका आकड्यासाठी कशाला परत लावायची, म्हणून तिनं संगणकालाच तो युक्तिवाद वाचायला लावला. सपाट आवाज सुरू झाला. पान नऊ भागिले दोन. शिक्का, अस्पष्ट. आणि मग, त्याच कोरड्या स्वरात, "लहान मुलासाठी रात्र ही घरातली सगळ्यात मोठी खोली असते, आणि त्या खोलीत आई नसेल तर त्या घराला भिंतीच नसतात."

देसाईबाई दचकून थांबल्या. ऋजुताचा हात तसाच कळफलकावर राहिला.

"आजोबांच्या वकिलांचं वाक्य आहे," शेवटी ती म्हणाली. "देसाईबाई, आज इथंच थांबू. तुम्ही जाऊन चहा घ्या."

दार बंद झाल्यावर ती स्वतःला समजावू लागली. एखादं वाक्य डोक्यात राहतं, होतं असं. वकिलांची वाक्यं निकालात येतातच, फक्त ती त्यांच्या नावानं येतात. नाव घालायचं, झालं. पण तिला चैन पडेना. ते वाक्य तिनं कुठं वाचलं हे ती विसरली नव्हती. ते तिनं वाचलंय हेच तिला ठाऊक नव्हतं. आपल्याला सुचलं, अशीच तिची खात्री होती.

मग आणखी काय काय आपल्याला 'सुचलंय'?

तिनं आर्वीचं वाक्य आठवून पाहिलं. रात्री जाग येते आणि आई नसते, मग मी पांघरूण डोक्यावरून घेते. शब्द लगेच आले. तिनं ते पुन्हा आठवले, या वेळी नीट कान देऊन. ऋजुताला माणसं आठवायची ती आवाजानं. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती, पण त्यांचं साधं 'बस खाली' हे वाक्यसुद्धा तिला त्यांच्या घोगऱ्या आवाजातच आठवायचं, दुसऱ्या कुठल्या आवाजात आठवूच शकत नव्हतं. आर्वीचा आवाज तिला पक्का ठाऊक होता. बारीक, थोडा चिरका, 'र' अजून नीट न येणारा.

पांघरूणाचं ते वाक्य त्या आवाजात नव्हतं. त्यातला 'र' स्वच्छ होता. ते ऋजुताच्या स्वतःच्या आवाजात होतं.

तिनं चेंबरमधल्या त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग काढलं आणि इअरफोन लावले.

आधी तिचाच प्रश्न आला. "आई रात्री कामाला जाते तेव्हा तू कुणाकडं असतेस?"

"लीलामावशीकडं. शेजालच्या. त्यांच्याकडं मांजल आहे."

"तुला भीती वाटते का?"

"मांजलाची?"

"नाही गं. एकटीला."

"मी एकटी कुठं असते?" पोर जरा वैतागूनच म्हणाली होती. मग थोडं थांबून, "आजोबांकडं वाटते थोडी. तिथं पप्पांचा मोठा फोटो आहे. आजी त्याच्याशी बोलते आणि लडते. मग मला कळत नाही मी काय कलू."

पांघरूण कुठंच नव्हतं. ऋजुतानं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं. मग संगणकावर शोध घेतला. पांघरूण संपतरावांच्या मूळ अर्जात होतं, सहाव्या परिच्छेदात. 'सदर अल्पवयीन मुलगी सांगते की' असं म्हणून.

ती खुर्चीत मागं टेकली. अजून निकाल दिला नव्हता. निकाल दिला नव्हता, एवढंच ती मनाशी म्हणत राहिली.

घरी आली तेव्हा पराग पेपर तपासत बसला होता. ती चप्पलही न काढता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पराग, ते पाहुण्यासारखं राहतो हे वाक्य. मला ते माझ्याच आवाजात आठवतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तू ते म्हणालाच नाहीस. कुठल्यातरी कादंबरीतल्या नवऱ्यानं म्हटलंय ते. मी वाचलं आणि मला वाटलं, ऐकलं."

तिनं सगळं सांगितलं. पराग ऐकत राहिला. मग त्याच्या हातातलं लाल पेन टेबलावर पडल्याचा आवाज आला.

"तुला माहितीय, इतके दिवस मी काय करतोय?" तो म्हणाला. "मी स्वतःलाच विचारतोय की आपण झोपेत बोललो का. मग वाटायला लागलं, बोललो असलो तर मनात असेल बुवा कुठंतरी. मी शोधत होतो, ऋजू. मला आत काही सापडेना."

"चिडलायस?"

"चिडलोय. पण आधी जरा हसू दे." आणि तो खरंच हसायला लागला, मोठमोठ्यानं, आणि मग त्यानं तिचा हात धरला. "मग आता काय?"

"आता मला नाझनीनबाईंना फोन करायचाय. आणि मग आमच्या जिल्हा न्यायाधीशांना, मोहिते साहेबांना."

दुसऱ्या दिवशी डॉ. शिकलगार स्वतः कुंभेरीला आल्या. ऋजुताच्या तोंडून सगळं ऐकल्यावर त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला.

"ती वर्दी," त्या म्हणाल्या. "मेंदू ज्याच्यावर 'हे माझं' असा शिक्का मारतो, तोच शिक्का आम्ही परक्या मजकुरावर मारत होतो. प्रत्येक वाक्यावर."

"पण तुम्ही डोळस लोकही मनातल्या आवाजातच वाचता की. तुमचा गोंधळ का होत नाही?"

"आम्हाला पान दिसतं. वाक्य डाव्या पानावर होतं, खाली होतं, कागद पिवळा होता, काहीतरी खूण मेंदूकडं राहते. तुमची खूण होती आवाज. ते सर्दीवाले काका, तो संगणक, माणसं, सगळे वेगवेगळे. तो आवाजच आम्ही काढून घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही. आम्ही वेग तपासला, समज तपासली, थकवा तपासला. 'हे कुणी म्हटलं होतं', हा एक प्रश्न आम्ही कुणालाच विचारला नाही. मॅडम, मी आजच सगळ्यांना कळवते. ज्यांनी ज्यांनी हे लावलंय त्या सगळ्यांना."

"सगळ्यांना कळवून झालं की मला सांगा," ऋजुता म्हणाली. "मलाही आज मोहिते साहेबांना सांगायचंच आहे."

त्याच दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी जाताना गाडीत तिनं परागजवळ मनातली शंका बोलून दाखवली. न सांगितलं तर काय होईल? निकाल अजून दिलेला नाही, मसुदा फाडून टाकता येईल, कुणाचं नुकसान झालेलं नाही. आणि सांगितलं तर उद्या कुणीतरी म्हणणारच, बघा, म्हणून आंधळ्या माणसाला या खुर्चीत बसवू नये. तिच्यामागून परीक्षा देणाऱ्या दोन मुली तिला अधूनमधून फोन करायच्या. त्यांच्या मुलाखतीत हा प्रश्न पहिला येईल.

"मग?" पराग म्हणाला.

"मग काय. सांगायचं तर आहेच. फक्त भीती वाटतेय, तेवढं तुला सांगितलं."

प्रधान जिल्हा न्यायाधीश मोहिते हे निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. ऋजुतानं आडपडदा न ठेवता सांगितलं. प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे द्यायचं असेल तर माझी हरकत नाही, असंही सांगितलं. त्यांच्या खुर्चीची करकर ऐकू आली.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?" त्यांनी विचारलं.

"त्या मुलीला, साहेब. मोठी झाल्यावर तिनं निकाल वाचला असता. त्यात तिच्या नावावर एक वाक्य असतं, जे ती बोललीच नव्हती. आणि त्या वाक्यामुळे ती आईपासून तुटली असती."

टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. काहीतरी हलकं टेबलावर ठेवलं गेलं.

"हात लावून बघा," मोहिते म्हणाले.

तिनं चाचपून पाहिलं. कानामागून जाणारी पट्टी. हनुवटीखालचा छोटा तुकडा.

"मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना ताण नको म्हणून मुलानं त्याच संस्थेतून आणून दिली. दोन महिने झाले. रात्रीचे कागद मी यावरच वाचतो." त्यांचा स्वर बदलला होता. "कालच पत्नीशी वाद घातला. ती कधीच न बोललेल्या गोष्टीवरून. मला वाटलं, वय झालं. डॉक्टरकडे जायची भीती वाटत होती, खरं सांगायचं तर."

मोहिते पुढे म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजातून मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं, "चला, म्हणजे अजून डोकं शाबूत आहे."

मग ते कामाला लागले. हे यंत्र वापरून दिलेले आधीचे सगळे निकाल तिनं दुसऱ्या एका न्यायाधीशांसोबत मूळ कागदांशी ताडून पाहायचे. वाघमोड्यांच्या प्रकरणात दोन्ही वकिलांना सगळं खुलेपणानं सांगायचं, त्यांना चालत असेल तर युक्तिवाद नव्यानं ऐकायचे. आणि वरच्या न्यायालयाला ते स्वतः अहवाल पाठवतील.

"भोगले मॅडम," ती उठल्यावर ते म्हणाले, "त्या अहवालात 'अंध' हा शब्द कुठंही येणार नाही. यंत्र वापरणारे न्यायाधीश, एवढंच. पहिलं नाव माझं असेल."

बाहेर येऊन ती परागच्या शेजारी गाडीत बसली आणि तिला एकदम कडकडून भूक लागली. आदल्या दिवसापासून तिनं धड काही खाल्लं नव्हतं. रस्त्यात थांबून तिनं दोन प्लेट मिसळ खाल्ली.

जुने निकाल तपासण्यात पुढचे दोन आठवडे गेले. प्रत्येक फाइल उघडताना तिचा जीव वरखाली व्हायचा. एका निकालात वकिलाचा एक अख्खा परिच्छेद तिच्या नावावर निघाला, दुसऱ्यात एक तारीख चुकीच्या साक्षीदाराच्या तोंडी होती. पण ते काढून टाकलं तरी दोन्ही निकाल पुराव्यावर नीट उभे राहत होते. बाकी स्वच्छ होते. सोबतच्या न्यायाधीशांनी शेवटच्या फाइलवर सही केली तेव्हा ती कितीतरी दिवसांनी दीर्घ श्वास घेऊन हसली.

नाझनीनबाईंनी 'स्वगत' बंद केलं नाही, बदललं. आता मजकूर मनात उमटायचा तो दुसऱ्या आवाजात, आणि तो कुणाचा ते वाचणाऱ्यानं निवडायचं. ऋजुतानं नवी पट्टी मागवली, पण कोर्टाच्या कागदांना ती लावायची नाही असं ठरवलं. वादी-प्रतिवादी काय म्हणतात ते बाहेरूनच आत यावं, तिथं दारावर थांबावं लागलं तरी चालेल.

वाघमोड्यांच्या दोन्ही वकिलांनी प्रकरण तिच्यासमोरच चालवायला संमती दिली. युक्तिवाद पुन्हा झाले. तिनं सगळ्या साक्षी सपाट आवाजात, सावकाश वेगानं, पुन्हा ऐकल्या. आजोबांच्या बाजूनं खरोखर काय होतं तेही प्रामाणिकपणे तोललं. ते कमी नव्हतं. म्हातारा नातीसाठी तुटत होता, पैसाअडका होता, घर मोठं होतं. पण पोरीला आईपासून काढावं असं त्यात काही नव्हतं.

निकालाच्या दिवशी कोर्टात गर्दी नव्हती. ऋजुतानं कारणं थोडक्यात वाचून दाखवली आणि आदेश दिला. अर्ज नामंजूर. आर्वी आईकडेच राहील. आजोबा-आजींना दर रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये नातीला भेटता येईल, घरी नेता येईल.

कायद्याची भाषा संपल्यावर मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "आई, म्हणजे मी कुठं लाहायचं?"

कोमल हुंदके देत होती. ऋजुता पुढं वाकून म्हणाली, "आपल्या घरी, बाळा. आईजवळ. आधीसारखंच."

"आणि लविवारी?"

"रविवारी आजोबांकडं."

"बाईसाहेब," संपतराव उठले होते. ऋजुतानं मनाची तयारी केली. "मी रविवारी सकाळी लवकर आलो तर चालेल का? मला झोप लागत नाही पहाटे. आठला आलो तर?"

ऋजुतानं कोमलच्या दिशेला चेहरा वळवला. "तुम्ही सांगा."

कोमलनं नाक पुसलं. "सातला या मामंजी," ती म्हणाली. "मी रात्रपाळीहून येते तेव्हा. चहा घेऊन मग न्या तिला."